पिवळ्या पाटीसाठी विम्याचे ४१ दिवस

माझी गाडी जून २०२३ ची, १,१९७ सीसी, पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी. घरच्या वापराला घेतली होती. नंतर अ‍ॅपवरून भाडी घ्यायचं ठरवलं. शिवाय सोलापूर स्टेशनवर अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणारं गिऱ्हाईक बारा महिने असतंच. ओळखीतले दोघं-तिघं पांढऱ्या पाटीवरच भाडी मारत होते. मीही तेच केलं असतं, पण माझ्या मावसभावाची गाडी मोहोळजवळ ठोकली, आत भाड्याची माणसं होती, आणि विमा कंपनीनं क्लेम सरळ नाकारला. कारण पॉलिसीतच लिहिलेलं: ‘हायर ऑर रिवॉर्ड’साठी, म्हणजे भाडं घेऊन वापर केला तर संरक्षण नाही. ते वाक्य आपल्या सगळ्यांच्या खासगी पॉलिसीत असतं. आज घरी गेल्यावर ‘वापराच्या मर्यादा’ हा भाग काढून वाचा.

तेव्हा ठरवलं, टी परमिट, म्हणजे टॅक्सीचा परवाना आणि पिवळी पाटी करूनच धंदा करायचा. विजापूर रोडला आरटीओत जाऊन विचारलं. कागदांची यादी मिळाली: अर्ज, बँकेची एनओसी, पासिंग, कराचा फरक, लोकेशन ट्रॅकर आणि पॅनिक बटण. आणि कमर्शियल विमा. बाकीचं सगळं होत गेलं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. अडलं ते विम्यावर.

माझं दुखणं असं की विमा दोन कंपन्यांकडे होता. २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या खासगी गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारी पॉलिसी, एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते. शोरूमनं ती एका कंपनीची दिली, १०,६४० रुपये आणि वर जीएसटी. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग, ज्याला ओडी म्हणतात, तो एका वर्षाचा होता. तो मी २०२४ मध्ये स्वस्त पडला म्हणून दुसऱ्या कंपनीकडे घेतला.

११ नोव्हेंबरला थर्ड पार्टीवाल्या कंपनीच्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, “आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) टॅक्सी लागल्याशिवाय टॅक्सीचा विमा देता येत नाही, दादा.” मी म्हटलं, टॅक्सीचा विमा असल्याशिवाय पासिंग होत नाही, मग आरसीवर टॅक्सी लागणार कशी? त्या म्हणाल्या, “सिस्टीम घेत नाही.” बरं, तीन वर्षांची आहे तीच बदलून द्या म्हटलं. ती मधेच बदलत नाही. मग रद्द करा म्हटलं. दुसरी पॉलिसी दाखवल्याशिवाय थर्ड पार्टी रद्द होत नाही. ओडीवाल्यांकडे गेलो तर ते म्हणाले, आधी थर्ड पार्टीचं बघून या.

ही वाक्यं मी चार आठवडे ऐकली. होटगी रोडवरून निघायचं, शाखेत तास-दीड तास बसायचं, “पुण्याला मेल टाकलाय” ऐकून परत यायचं. एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर बंद, एकदा मॅडम रजेवर आणि त्यांच्या जागी बसलेल्याला माझी फाइलच माहीत नाही. त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, पुन्हा झेरॉक्स दिल्या. गाडी दारात उभी, कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याच्या ५ तारखेला जातोच. जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेला गाडी रस्त्यावर हवी होती. एका गुरुवारी शाखेतून बाहेर पडलो आणि गाडीत बसून डोळ्यांत पाणी आलं.

तोंडी बोलणं मी तिथं बंद केलं. सगळा गोंधळ एका पानावर लिहिला: आरटीओला काय हवं, तुम्ही काय म्हणता, मार्ग तुम्हीच लेखी सांगा. दोन प्रती काढल्या, एकीवर शाखेचा आवक शिक्का आणि तारीख घेतली. तेच पत्र कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल केलं. शिवाय १५५२५५ वर फोन करून ‘बीमा भरोसा’त, म्हणजे विमा नियामकाच्या तक्रार यंत्रणेत, तक्रार नोंदवली, नंबर मिळाला. नवव्या दिवशी पुण्याहून फोन आला. आरटीओत केलेल्या अर्जाची पावती आणि गाडीचे तपासणीचे फोटो पाठवा, त्यावर नवी पूर्ण कमर्शियल पॉलिसी देतो, ती दाखवून जुन्या दोन्ही रद्द करून घ्या. एवढंच होतं. हे पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. २१ डिसेंबरला पॉलिसी मेलवर आली.

म्हणून आरटीओच्या अर्जाची पावती आधी घ्या, विम्याकडे मग जा. मी उलटं केलं होतं.

पैशांचा अंदाज आधी घ्या. थर्ड पार्टीचे दर सरकार ठरवतं, कंपनी नाही. २०२४ मध्ये माझ्या सीसीच्या खासगी गाडीला वर्षाला ३,४१६ रुपये होते, टॅक्सीला ७,९४० आणि वर प्रत्येक प्रवाशामागे ९७८. चार प्रवासी धरून ११,८५२ झाले, अधिक १८ टक्के जीएसटी. ओडी वेगळा. महाग वाटतं खरं, पण मावसभावाच्या दुरुस्तीचं बिल मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्याच्याबद्दल राहिलंच. २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की खासगी गाडी भाड्यानं वापरली एवढ्यावर सगळा क्लेम बुडवता येत नाही, ‘नॉन-स्टँडर्ड’, म्हणजे अट मोडलेला क्लेम धरून ७५ टक्क्यांपर्यंत देता येतो. त्यानं आता पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज केलाय. फी लागत नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवस थांबावं लागतं, आणि कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जावं लागतं.

लायसन्सचंही बरेच जण विचारतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं निकाल दिला की एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं व्यावसायिक वाहन चालवता येतं. प्रवासी वाहन चालवण्याचा आरटीओचा बॅज मात्र काढावाच लागतो. आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा पॉलिसीत आहे का, ते पहिल्याच पानावर बघा. माझ्या पहिल्या कोटेशनमध्ये तो नव्हता, विचारल्यावर घातला.

गड्ड्याला गाडी पिवळ्या पाटीवर होती. जुन्या थर्ड पार्टीच्या उरलेल्या दीड वर्षाचे पैसे अजून आलेले नाहीत. त्याचंही पत्र शिक्का घेऊन दिलंय, सोमवारी परत जाणार आहे.