पेट्रोल की डिझेल: होडीचं इंजिन घ्यायच्या आधी आम्ही तेल कसं मोजलं

काकांच्या होडीचं इंजिन बदलायची वेळ आली तेव्हा घरात दोन पक्ष पडले. चुलतभाऊ म्हणत होता नवीन फोरस्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेर टांगायचं पेट्रोल इंजिन घ्या, हलकं आहे, वेग आहे, बंद पडलं तर उचलून घरी आणता येतं. काकांचं मन डिझेल इनबोर्डकडे, म्हणजे होडीच्या आत पक्कं बसवायच्या इंजिनाकडे. आणि मी मध्ये, कारण माझी स्वतःची पर्यटकांची छोटी बोट आहे मालवणजवळ देवबागला, तिच्यावर ४० एचपीचं फोरस्ट्रोक आहे, म्हणून सगळे मलाच विचारायला लागले की बाबा खरं काय ते सांग. काकांचं म्हणणं एकच होतं, "हां मशीन किती पिता ता सांग माका, बाकीचा नको."

आता हे विचारायला सोपं आहे पण उत्तर कोणाकडेच धड नसतं. दुकानात गेलं की ताशी इतके लिटर असा एक आकडा मिळतो, तो कुठल्या आरपीएमला (मिनिटाला किती फेरे), किती लोडवर, कुठल्या होडीवर हे कोणी सांगत नाही. जेटीवर विचारलं तर एकजण सांगतो माझं डिझेल तासाला दोन लिटर खातं, दुसरा सांगतो माझं पाच, आणि दोघंही खरं बोलत असतात कारण एक सहा नॉटने (ताशी सहा समुद्री मैल) जातो आणि दुसरा साडेसातने. म्हणून ठरवलं की स्वतःच मोजायचं, आणि ताशी लिटर नाही तर मैलाला लिटर काढायचं. समुद्री मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर.

नशीब असं की काकांच्या होडीच्याच साच्यातली दुसरी फायबर होडी आमच्या ओळखीत होती, तीस फुटी, तिच्यात दोन सिलिंडरचं डिझेल इनबोर्ड बसवलेलं. काकांच्या होडीवर जुनं टूस्ट्रोक ४० एचपी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. आणि मे अखेरीस माझी बोट बंद होणारच होती, तेव्हा माझं फोरस्ट्रोक काढून दोन दिवस काकांच्या होडीला लावलं. १ जूनपासून मासेमारी बंदी, ती ३१ जुलैपर्यंत, म्हणजे जे काय करायचं ते त्याच्या आधीच करायला हवं होतं. अशी संधी सहसा मिळत नाही, एकच साचा आणि तीन इंजिनं, त्यामुळे मी पण जरा हट्टाने सगळं नीट केलं.

मोजायची पद्धत सांगतो, कारण ज्याला करायचं असेल त्याच्या कामाला येईल. टाकी फुल करून परत फुल करायची पद्धत गाडीला चालते, होडीला नाही, कारण होडी हलते, टाकी तिरकी होते, दोन लिटर इकडचे तिकडे होतात आणि आपण मोजतोय तेच मुळात चार-पाच लिटर. कॅनवर मार्करने रेघा मारून पण बघितलं, लाटेत पातळी नाचत राहते, काही वाचता येत नाही. मग चुलतभावाने मासे तोलायचा टांगता डिजिटल काटा आणला. तेलाचा कॅन निघायच्या आधी तोलायचा, आल्यावर तोलायचा, फरक किलोत येतो, त्याला घनतेने भागलं की लिटर. पेट्रोलची घनता साधारण ०.७४ आणि डिझेलची ०.८३, म्हणजे एक किलो पेट्रोल जवळपास १.३५ लिटर आणि एक किलो डिझेल १.२ लिटर. किनाऱ्यावर तोलायचं, हातात धरून नाही, वाशाला टांगून, कॅनचं बूड सुकं करून. एवढं केलं की शंभर-दोनशे मिलीचा पण फरक कळतो.

डिझेलला एक गोष्ट खास सांभाळायला लागते. डिझेल इंजिनाला दोन नळ्या असतात, एक तेल घेऊन जाणारी आणि एक उरलेलं तेल परत आणणारी रिटर्नची. पंप गरजेपेक्षा जास्त तेल ओढतो आणि उरलेलं मागे पाठवतो. तोलायच्या कॅनमध्ये फक्त सक्शनची, म्हणजे तेल ओढणारी नळी टाकली आणि रिटर्न जुन्या टाकीतच राहिला तर आकडा भलताच मोठा येतो. दोन्ही नळ्या एकाच कॅनमध्ये हव्यात. बऱ्याच जणांचे डिझेल लय खातं असे हिशेब इथेच बिघडलेले असणार असं मला वाटतं.

देवबागच्या बाजूच्या कर्ली खाडीत मोजलं. मोबाइलचा जीपीएस जमिनीवरचा वेग दाखवतो, पाण्यातला नाही, म्हणून भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी थबकतं तेव्हा, आणि प्रत्येक वेगाला जायचं पण आणि यायचं पण, दोन्हीची सरासरी. होडीत वजन सारखं ठेवलं, जाळ्यांऐवजी पाण्याची पिंपं भरून. डिझेलची होडी मुळातच जड, इंजिन गियरबॉक्ससकट तीन-चारशे किलो, ते वजन मी तसंच राहू दिलं कारण समुद्रात पण ते असणारच आहे. आणि दोन्ही होड्यांची बुडं आधी घासून घेतली, कारण शेवाळ आणि बारीक शिंपल्यांचा थर असेल तर इंजिनाची नाही, बुडाचीच तुलना होते.

सहा नॉटला जे आलं ते असं. टूस्ट्रोक तासाला पावणेपाच लिटरच्या आसपास. फोरस्ट्रोक सव्वातीन. डिझेल दोन लिटर आणि वर थोडं. मैलाला काढलं तर टूस्ट्रोक ०.८ लिटर, फोरस्ट्रोक ०.५५, डिझेल ०.३७. वीस मैल जाऊन येऊन धरले तर १६ लिटर, ११ लिटर आणि साडेसात लिटर. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ धरून हिशेब केला तर एका फेरीला टूस्ट्रोकचे जवळपास १७०० रुपये, वर ५० लिटरला एक लिटर ऑइल मिसळायला लागतं ते वेगळं, फोरस्ट्रोकचे साडेअकराशे, डिझेलचे सातशेच्या आत. काका कागदाकडे बराच वेळ बघत बसले होते, कारण टूस्ट्रोक किती खातं हे त्यांना माहीत होतं पण असं शेजारी शेजारी मांडून कधी बघितलं नव्हतं.

एवढा फरक का, तर कारणं बरीच एकत्र येतात. एक लिटर डिझेलमध्ये मुळातच ऊर्जा जास्त, साधारण ३६ मेगाज्यूल, पेट्रोलमध्ये ३२. त्यात आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉलमध्ये लिटरला २१च्या आसपास, म्हणजे मिश्रण तिसाच्या जवळ येतं. म्हणजे इंजिन सुरू करायच्या आधीच डिझेल लिटरमागे वीस टक्के पुढे. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, आपल्याकडच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर ठेवली तर पाणी धरून इथेनॉल खाली बसतं आणि तेच आधी कार्ब्युरेटरमध्ये जातं. पावसाळ्यात इंजिन काढताना टाकी रिकामी करून ठेवा, हे मी सगळ्यांना सांगतो.

दुसरं म्हणजे दाब. पेट्रोल इंजिनात हवा-पेट्रोल मिसळून साधारण नऊ-दहा पट दाबतात, त्याहून जास्त दाबलं तर ठिणगीच्या आधीच पेटतं. डिझेलमध्ये नुसती हवा सोळा-अठरा पट दाबतात आणि मग तेल फवारतात. जास्त दाब म्हणजे तेवढ्याच तेलातून जास्त काम. आणि पेट्रोलला हळू चालवायचं तर हवेचा रस्ता अर्धा बंद करायला लागतो, इंजिनाला हवा ओढायलाच ताकद घालवायला लागते, डिझेलमध्ये फक्त तेल कमी सोडतात. म्हणून हळू, एकाच वेगात, तासन्‌तास चालायचं असेल तिथे डिझेल जास्तच पुढे जातं. मोठं ४० एचपीचं पेट्रोल मशीन दहा एचपीचं काम करताना सगळ्यात उधळं वागतं. आणि जुन्या कार्ब्युरेटरच्या टूस्ट्रोकमध्ये तर ताज्या मिश्रणाचा पाव हिस्सा तरी न जळताच सायलेन्सरमधून पाण्यात जातो, होडीमागे पाण्यावर जो इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो तो आपण पंपावर पैसे देऊन घेतलेलाच असतो. त्याच पाण्यात आपण जाळं टाकतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिसरं कारण पंखा, म्हणजे पाण्यात फिरून होडी ढकलणारा प्रोपेलर. आउटबोर्डचा पंखा लहान आणि जोरात फिरणारा, हलक्या बोटीसाठी बनवलेला. जड होडी ढकलताना तो पाण्यात घसरतो. हे मोजता येतं: आरपीएमला पिचच्या (न घसरता पंखा एका फेऱ्यात जेवढा पुढे जाईल त्या अंतराच्या) इंचांनी गुणा, गियरच्या रेशोने (इंजिनाच्या किती फेऱ्यांना पंख्याचा एक फेरा) भागा, परत १२१५ ने भागा, म्हणजे न घसरता किती नॉट गेला असता ते कळतं. उदाहरणार्थ ५००० आरपीएम, रेशो २, पिच ११, तर साडेबावीस नॉट. होडी तेवढ्याच आरपीएमला पंधरानेच जात असेल तर तिसरा हिस्सा घसरण. इनबोर्डला गियरबॉक्स लावून मोठा पंखा हळू फिरवतात, तो पाणी धरून ढकलतो. नुसतं इंजिन बदलून पंखा तोच ठेवणारे असतात, त्यांना बचत कमी दिसते ती यामुळे. डिझेल पूर्ण रेसवर पण ठरलेल्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल आणि काळा धूर टाकत असेल तर आधी पंखा बघा, पिच जास्त झालाय.

पण मला सगळ्यात जास्त हादरवलं ते वेगाने. डिझेलच्या होडीला सहावरून साडेसात नॉटवर नेलं, आणि ताशी तेल दोन-सव्वादोनवरून पाच लिटरवर गेलं. मैलाला काढलं तर ०.६७. म्हणजे साडेसातने धावणारं डिझेल हे सहाने चालणाऱ्या फोरस्ट्रोकपेक्षा मैलाला जास्त खातंय! पाणी कापत जाणाऱ्या जड होडीला एक मर्यादा असते, पाण्याला टेकलेल्या लांबीचं फुटात वर्गमूळ काढून १.३४ ने गुणायचं. काकांच्या होडीची पाण्यातली लांबी सव्वीसेक फूट, म्हणजे पावणेसात-सात नॉट. त्याच्या पुढे होडी स्वतःच्याच लाटेवर चढायला बघते आणि सगळी ताकद त्यात जाते. म्हणजे डिझेल घेऊन जी बचत होणार ती सगळी हात थोडा पुढे रेटला की गेली. हे मी काकांच्या तांडेलाला, म्हणजे होडी हाकणाऱ्याला दाखवलं, प्रत्यक्ष काट्यावर, आणि आता काकांच्या होडीत रेसच्या दांड्यापाशी सहाच्या वेगाची एक लाल खूण केलेली आहे. मासे मार्केटला पोचवायची घाई असते तेव्हा ती खूण ओलांडली जाते, ते बरोबर पण आहे, लिलाव चुकला तर तेलाच्या बचतीला काय करायचं.

मग निर्णय कसा झाला. डिझेल बसवायचा खर्च जास्त, इंजिन, गियरबॉक्स, शाफ्ट, होडीत इंजिनाचा बेड (बैठक) बांधणं सगळं. फोरस्ट्रोकपेक्षा दीड लाख जास्त लागतात असं धरलं, तर सहा नॉटला तासाला १४०-१४५ रुपये वाचतात, म्हणजे हजारेक तासांत पैसे वसूल. काकांचं मशीन हंगामात रोज पाच-सहा तास चालतं, म्हणजे एका हंगामातच सुटतात. वर मासेमारी होडीला मच्छीमार संस्थेमार्फत डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा आहे, तो हातात पडायला वेळ लागतो म्हणून मी हिशेबात धरलाच नाही, आला तर वरकड. काकांनी डिझेल घेतलं. डिझेलमध्ये पाणी गेलं तर इंजेक्टर खराब होतात, तेव्हा पाणी वेगळं करणारा फिल्टर पहिल्याच दिवशी लावून घेतला.

माझ्या बोटीवर मात्र पेट्रोलच राहिलं, आणि ते मी विचार करूनच ठेवलंय. माझं मशीन दिवसाला दीड-दोन तास चालतं, ते पण सुट्ट्यांच्या हंगामात, म्हणजे हजार तास व्हायला तीन-चार वर्षं जातील. बोट हलकी आहे, पाण्यावर उचलून पंधरा नॉटने पळते आणि तेव्हा मैलाला ०.६ लिटर लागतं, वेग अडीचपट असून. तिच्यात तीनशे किलोचं डिझेल टाकलं तर ती उचलणारच नाही. खाडी समुद्राला मिळते त्या संगमाजवळ वाळूचे पट्टे सारखे सरकतात, तिथे इंजिन वर उचलता येणं याची किंमत लिटरमध्ये काढता येत नाही. आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, होडीच्या तळाशी साचून बसते, त्यामुळे पेट्रोल इंजिन बाहेर मागे टांगलेलंच बरं.

आता शेजारचे दोघेजण तोच काटा मागून घेऊन गेलेत, त्यांच्याकडे तीन सिलिंडरची डिझेलं आहेत. मोजून झालं की त्यांचे आकडे पण मिळतील, तेव्हा खाली लिहीन. तुमच्यापैकी कोणी मोजलं तर लांबी, वजन, वेग आणि पंख्याचा पिच एवढं नक्की द्या, नुसतं ताशी लिटर देऊ नका.