बुधवारी उपास?

परवा बुधवारी मटणाच्या दुकानात नंबर लावून उभा होतो, पुढं बारा-पंधरा माणसं, म्हणून मोबाईल काढला आणि वाचता वाचता एक तारीख सापडली. ७ ऑक्टोबर १८५७. त्या दिवशी व्हिक्टोरिया राणीनं सगळ्या ब्रिटनला उपास करायला सांगितलावता. उपास करा, पापं कबूल करा, चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करा, असा रीतसर सरकारी जाहीरनामा. वार बघितला तर बुधवार! मी एकटाच हसाय लागलो, शेजारचा माणूस बघाय लागला. कोल्हापुरात बुधवारी उपास धरा म्हणणारा राजा गादीवर किती दिवस टिकला असता सांगा.

पण कारण वाचलं आणि हसू गेलं. उपास कशासाठी, तर हिंदुस्थानातलं बंड मोडू दे म्हणून. म्हणजे आपल्याच विरुद्ध की. इथं कोल्हापुरात ३१ जुलैच्या रात्री २७ व्या पलटणीचे शिपाई उठलेले, आणि तिकडचा उपास होऊन दोन महिने झाले असतील नसतील तोवर डिसेंबरात शहराचे दरवाजे बंद करून लोक परत उभे राहिले. ते मोडून काढलं, तोफा लावून. राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब महाराज, त्यांच्यावर संशय घेऊन त्यांना पार कराचीला नेऊन ठेवलं, १८६९ ला तिथंच वारले. चिमासाहेब चौकातनं माझी गाडी रोज जाते, आणि आपल्यासाठी लंडनमध्ये कुणीतरी उपाशी बसलंवतं हे मला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या दिवशी स्पर्जन नावाच्या २३ वर्षांच्या पोराचं प्रवचन झालं. माणसं किती, तर २३,६५४. माईक नाही, स्पीकर नाही, नुसता गळा. बुधवारी रात्री झोपला तो म्हणे डायरेक्ट शुक्रवारी सकाळी उठला. गर्दीतनं जे पैसे जमले ते इकडं बंडात सापडलेल्या त्यांच्या लोकांसाठी.

याच राणीचा आधीचा एक उपास मला जास्त खटकला. २४ मार्च १८४७, आयर्लंडच्या दुष्काळासाठी. बटाटा शेतातच सडलेला, माणसं भुकेनं मरायलीत, आणि ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांनी एक दिवस जेवायचं नाही, का, तर देवाचा कोप कमी व्हावा म्हणून. आणि आयर्लंडातनं धान्याच्या बोटी बाहेर जायच्या त्या जातच होत्या. बोटी थांबवायच्या सोडून देवाला कशाला मध्ये घ्यायचं? (बायबलात निनवे शहराच्या राजाची गोष्ट आहे, तो निदान स्वतः राजवस्त्र उतरवून राखेत बसला, आणि गुराढोरांनासुद्धा चारापाणी बंद केलं. गुरांनी काय पाप केलंवतं कुणाला माहीत.)

घरी येऊन आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "राणीचं मला सांगू नगंस, आम्ही शास्त्रींचा उपास केलाय."

१९६५ चं साल. पाकिस्तानशी लढाई, धान्याची टंचाई, अमेरिकेच्या गव्हावर देश चाललेला. शास्त्रींनी आधी स्वतःच्या घरात रात्रीची चूल बंद ठेवून बघितली आणि मग देशाला सांगितलं की सोमवारी रात्रीचं जेवण सोडा. हॉटेलंसुद्धा सोमवारी संध्याकाळी बंद असायची. आजी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली. आणि तिचा प्रॉब्लेम वेगळाच, सोमवार आधीच महादेवाचा! दिवसभर उपास आणि रात्री जेवून तो सोडायचा. आता रात्रीच जेवायचं नाही म्हटल्यावर सोडायचा कधी?

"मग काय केलंसा?"

"काय करतीय, सासूबाई म्हणाल्या, महादेव समजून घेतोय, दिवे लागायच्या आत भात-आमटी खाऊन घे, रात्री चूल पेटवायची न्हाई. सहा वाजता जेवायचो आणि धा वाजता पोटात कावळे."

एवढं सांगून पिशवीत डोकावली आणि विचारलं, "अर्धा किलोच आणलास व्हय? पांढऱ्याला हाडं कुठायत?"