१४२ नंबर कुणाचा?

आमच्या गावच्या दूध संस्थेत माणसाला नावाने कुणी हाक मारत नाही. "एकशे बेचाळीसचं दूध आलं का?", "त्र्याण्णवची फॅट आज कमी कशी?" असंच बोलणं चालतं. करवीर तालुक्यातलं गाव, अडीचशेच्या आतबाहेर उत्पादक, बहुतेकांच्या एक-दोन म्हशी, थोड्यांच्या गाई. वडील तिथे बावीस वर्षं सचिव होते. मी पुण्यात नोकरी करते, पण संस्थेचा डेटाबेस मी बांधला आणि आजही मीच सांभाळते. महिन्यातला एक शनिवार-रविवार त्यासाठी राखून ठेवलेला असतो.

आज ज्या चुकीबद्दल लिहायचं आहे ती माझी आहे.

पहिल्या मांडणीत 'सभासद' नावाचं एक टेबल होतं आणि त्याची प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक ओळीची एकमेव ओळख, होती सभासद क्रमांक. सगळं गाव ज्या नंबराने बोलतं तोच नंबर ओळीची ओळख, यात काही खटकण्यासारखं मला दिसलं नव्हतं. 'संकलन' टेबलात सकाळ-संध्याकाळची प्रत्येक चिठ्ठी: तारीख, पाळी, सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन घटक), दर, रक्कम. दोन वर्षं कुठे अडलं नाही.

मग एका दिवाळीत संस्थेने उत्पादकांना 'फरक' वाटून दिला. कोल्हापूरकडे हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी सांगते. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी मिळतातच. पण वर्षाचा हिशेब पूर्ण झाला की संस्थेच्या नफ्यातून प्रत्येक उत्पादकाला त्याने वर्षभर घातलेल्या दुधाच्या रकमेवर शेकडा ठरावीक रुपये दिवाळीआधी दिले जातात. पोरांचे कपडे, किराणा, कुणाचं थकलेलं कर्ज, असं बरंच त्या पैशांवर ठरलेलं असतं.

यादी लागली आणि दुसऱ्या दिवशी खालच्या आळीतल्या एक मावशी कार्यालयात आल्या. "पोरी, माझं नाव न्हाई बघ यादीत. ऑगस्टपतोर दोन म्हशींचं दूध घातलंय की मी."

मी 'सभासद' टेबलात त्यांचं नाव शोधलं. नव्हतं. स्पेलिंगचा घोळ असेल म्हणून आडनावाने शोधलं, तरी नाही. त्यांचा नंबर १४२. आदल्या वर्षी नवऱ्याच्या आजारपणात त्यांनी दोन्ही म्हशी विकल्या, नंबर मोकळा झाला, आणि ऑक्टोबरात तो गावातल्याच एका तरुण पोराला दिला गेला. संस्थेत नंबर असेच फिरतात. काही वारसाने बापाकडून मुलाकडे जातात, काही मोकळे झाले की नव्या माणसाला मिळतात. क्लार्कने १४२ची ओळ उघडली आणि नाव बदललं. दुसरं काही करायची सोयच मी ठेवली नव्हती. त्या एका अपडेटने मावशींच्या पाच महिन्यांच्या तीनशेच्या वर चिठ्ठ्या त्या पोराच्या झाल्या. फरकाची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, नंबरावर ग्रुप बाय करत होती, एका नंबराच्या सगळ्या ओळी एका गटात घेत होती. तिने दोघांचं दूध एकत्र मोजलं आणि सगळा फरक एका नावावर टाकला.

एररचा एकही संदेश आला नाही. फॉरेन की (चिठ्ठीला सभासदाच्या ओळीशी बांधणारा दुवा) शाबूत होती, बेरजा जुळत होत्या, एकूण वाटलेली रक्कम बरोबर होती. डेटाबेसच्या लेखी सगळं ठीक होतं. त्या पोराने पैसे स्वतःहून आणून दिले, मावशींना त्यांची रक्कम मिळाली. पण ती किती हे काढायला माळ्यावरची कागदी रजिस्टरं उतरवावी लागली. कागदावर त्यांचं नाव होतं. माझ्या टेबलात नव्हतं. हे मला अजूनही लागतं.

त्यानंतर मी एडगर कॉड यांचा १९७०चा मूळ निबंध पहिल्यांदा नीट बसून वाचला. आयबीएमच्या सॅन होजेच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या गणितज्ञाने रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांच्या रूपात ठेवण्याची पद्धत, मांडलं ते त्यात. सुरुवातीलाच तो म्हणतो की मोठ्या माहितीसाठ्याच्या वापरकर्त्याला ती माहिती यंत्रात कशी रचली आहे हे माहीत असण्याची गरज पडू नये. वाचताना मला आमचा क्लार्क दिसला. आणि रिलेशन (ढोबळमानाने आपलं टेबल) म्हणजे काय हे वाचताना एक गोष्ट पक्की बसली: टेबलातली प्रत्येक ओळ हे जगाबद्दलचं एक विधान आहे, आणि ती ओळ तिथे आहे याचा अर्थ ते विधान खरं आहे. '१४२ नंबर अमक्याचा' हे माझं विधान होतं. ते ऑगस्टपर्यंत एका माणसाबाबत खरं होतं, ऑक्टोबरपासून दुसऱ्या. मी त्याला तारीखच दिली नव्हती.

नवी मांडणी अशी केली. 'व्यक्ती' हे टेबल वेगळं. त्याची की म्हणजे डेटाबेसने आपोआप दिलेला, चिठ्ठीवर कधीही न छापला जाणारा आकडा. मधे 'धारण' नावाचं टेबल: कोणती व्यक्ती, कोणता नंबर, कधीपासून, कधीपर्यंत. 'संकलन'मधली चिठ्ठी आता नंबराला नाही, धारणेच्या ओळीला बांधलेली आहे. नाव बदलायचं म्हणजे जुन्या ओळीला शेवटची तारीख लावायची आणि नवी ओळ घालायची. मागच्या चिठ्ठ्या जागच्या हलत नाहीत. एकाच नंबराच्या दोन धारणांच्या तारखा एकमेकींवर चढू नयेत हे क्लार्कच्या लक्षात राहण्यावर सोडलेलं नाही. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये २०१२ सालच्या ९.२ आवृत्तीपासून तारखांची रेंज (कधीपासून-कधीपर्यंत) हा स्वतंत्र प्रकार आहे. त्यावर एक्स्क्ल्यूजन कन्स्ट्रेंट नावाचं बंधन लावलं की चढणारी ओळ डेटाबेसच नाकारतो. रेंजमध्ये सुरुवातीची तारीख धरायची, शेवटची सोडायची. मग एकाची धारण ज्या दिवशी संपते त्याच दिवशी दुसऱ्याची सुरू होऊ शकते आणि मधे फट राहत नाही.

जुनी माहिती त्यात भरायला मला चार फेऱ्या लागल्या. वडील रजिस्टरमधून वाचायचे, मी भरायचे. अकरा नंबर असे निघाले जे एकाहून जास्त माणसांकडे होते.

एकदा हे डोळ्यांत भरल्यावर बाकीची बिनतारखेची विधानंही दिसायला लागली. दर हे त्यातलं सर्वांत मोठं. गाईच्या दुधाचा पाया ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हशीचा ६.० आणि ९.०, त्याच्या वर-खाली ठरावीक पैशांची वाढ आणि कपात. हे दरपत्रक अमुक तारखेपासून बदलतं, आणि कधी कधी बदल जाहीर होतो तोवर ती तारीख उलटून गेलेली असते. पूर्वी आम्ही दराची ओळ खोडून नवी लिहीत होतो. आता दरपत्रकालाही धारणेसारखीच रेंज आहे, जुनी पत्रकं सगळी शिल्लक आहेत.

तरीही प्रत्येक चिठ्ठीच्या ओळीत दर आणि रक्कम मी साठवते. नॉर्मलायझेशन (एकच माहिती दोनदा न साठवण्याची शिस्त) शिकलेल्या एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं की लिटर, फॅट, एसएनएफ आणि तारखेवरून रक्कम काढता येते, मग ती परत का ठेवतेस? कारण चिठ्ठी बाईच्या हातात गेली आहे. ७.३ लिटर आणि ३४.१५ दर, गुणाकार २४९.२९५, चिठ्ठीवर छापलं २४९.३०. दहा दिवसांच्या वीस चिठ्ठ्यांची बेरीज ती घरी बोटांवर करते, आणि ती बिलाशी पैशापैशाने जुळली पाहिजे. बेरजेनंतर पूर्णांकन केलं तर जुळेलच असं नाही. पैशांचे सगळे रकाने म्हणूनच न्यूमेरिक (दशांश नेमके साठवणारे) आहेत, फ्लोट (जवळपासचा आकडा साठवणारे) नाहीत; फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ची बेरीजसुद्धा नेमकी ०.३ येत नाही. दिलेला शब्द म्हणून ती रक्कम साठवायची, हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

क्वेरींमध्ये मला सर्वांत जास्त त्रास दिला तो दहा दिवसांच्या बिलाने. एकीकडे दूध, दुसरीकडे कपात: पशुखाद्याची पोती, उचल, शेअर्सचा हप्ता. मी 'धारण'ला 'संकलन' जॉईन केलं, म्हणजे जुळणाऱ्या ओळी एकमेकींना जोडल्या, त्यालाच 'कपात' जॉईन केली आणि दोन्हींची सम, म्हणजे बेरीज, घेतली. एका उत्पादकाच्या वीस चिठ्ठ्या आणि तीन कपाती असतील तर प्रत्येक चिठ्ठी प्रत्येक कपातीशी जोडली जाऊन साठ ओळी तयार होतात. दूध ६,००० रुपयांचं असेल ते १८,००० दिसतं आणि १,५०० रुपयांची कपात ३०,००० होते. पडताळणीला मी वडिलांचा नंबर घेतला होता. त्यांना त्या दहावड्यात एकही कपात नव्हती, त्यामुळे लेफ्ट जॉईनने (जोडीची ओळ नसली तरी मूळ ओळ ठेवणारा जॉईन) त्यांचं बिल अचूक आलं आणि मी निर्धास्त झाले. दुसऱ्या नंबराचं बिल उणे १२,००० छापून आलं तेव्हा कळलं. घाईत डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच मोजणारा शब्द) लावून बघितलं, आकडा पटण्यासारखा आला, आणि तेच जास्त घातक होतं: दोन वेगळ्या दिवसांच्या चिठ्ठ्यांची रक्कम योगायोगाने सारखी असेल तर त्यातली एक गळते. योग्य वाट अशी की दुधाची बेरीज आधी धारणेनुसार वेगळी करायची, कपातीची वेगळी, आणि मग प्रत्येकी एकच ओळ उरलेले हे दोन निकाल जोडायचे. क्वेरीत विथ (मधल्या निकालाला नाव देण्याची सोय) लिहून तेच करते. आता पडताळणीला नेहमी असा नंबर घेते ज्याला किमान दोन कपाती आहेत.

फॅट मशीन बंद पडलं तर त्या पाळीची फॅट नल, म्हणजे 'माहीत नाही', ठेवायची, शून्य नाही. सरासरीत नल मोजली जात नाही, शून्य मोजलं जातं आणि बिचाऱ्याची महिन्याची फॅट पडते. हाताने भरताना दशांश चिन्ह सुटून ६.५चे ६५ व्हायचे. त्याला चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे मर्यादेबाहेरचा आकडा नाकारणारं बंधन, आहे. वजनकाटा किलो दाखवतो आणि दर लिटरला असतो, शंभर लिटर दूध साधारण १०३ किलो भरतं, म्हणून रकान्याचं नाव नुसतं 'दूध' नाही, 'दूध_लिटर' आहे.

निगा राखण्याचं काम कंटाळवाणं आहे असं लोक म्हणतात, मला तसं वाटत नाही. दोनशे चाळीस उत्पादक, दिवसाला दोन पाळ्या, म्हणजे वर्षाला पावणेदोन लाख ओळी. डेटाबेससाठी हे काहीच नाही. तरी महिन्याचा अहवाल रेंगाळत होता. एक्स्प्लेन (डेटाबेस क्वेरी कशी चालवतो ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिलं तर क्वेरी तारखेतून महिना काढून तुलना करत होती, त्यामुळे तारखेवरचा इंडेक्स (ओळी पटकन शोधून देणारी सूची) वापरलाच जात नव्हता. 'एक तारखेपासून, पुढच्या महिन्याच्या एक तारखेच्या आधीपर्यंत' असं लिहिल्यावर लगेच येऊ लागला. क्लार्कच्या लॉगिनला 'संकलन'वर अपडेट आणि डिलीटचा अधिकार ठेवलेला नाही. चूक झाली तर उलट नोंद घालायची आणि कारण लिहायचं, जसं वडील रजिस्टरात लाल शाईने लिहायचे.

रोज रात्री बॅकअप निघतो, एक प्रत संस्थेत, एक माझ्याकडे. पण बॅकअपची फाईल आहे म्हणजे बॅकअप आहे, यावर माझा विश्वास नाही. गावी गेले की शनिवारी दुपारी ती फाईल घरातल्या जुन्या लॅपटॉपवर रिस्टोअर करते आणि शेवटच्या दहावड्याची एकूण रक्कम छापील बिलाशी ताडून बघते. वडील शेजारी बसून आकडा वाचतात.

मावशींनी यंदा मे महिन्यात पुन्हा एक म्हैस घेतली. १४२ त्या पोराकडेच आहे, त्यांना २३१ मिळाला. क्लार्कने स्वतः धारणेची नवी ओळ घातली, व्यक्ती जुनीच ठेवली. आता त्यांच्या नावाने विचारलं की दोन ओळी येतात. पहिली १४२ची, ऑगस्टात संपलेली. दुसरी २३१ची, मेपासूनची; तिची शेवटची तारीख रिकामी आहे.