तुम्ही विचारलंत म्हणून: नारिंगी कस्तूर बसतो कुठे?

"कर्नाळ्याला जाऊन आलो, पण नारिंगी कस्तूर काही दिसला नाही. नेमका बसतो कुठे तो?" पक्षी बघायला नुकतीच सुरुवात केलेली मंडळी मला हे हमखास विचारतात. गोम प्रश्नातच आहे. हा पक्षी बहुतेक वेळ जमिनीवर असतो आणि आपण माना वर करून फांद्या धुंडाळत असतो.

साळुंकीपेक्षा किंचित लहान. डोकं आणि पोट नारिंगी, नराची पाठ निळसर राखाडी, मादीची तपकिरी-हिरवट. आपल्या दक्षिणेकडच्या कस्तुराचा गळा पांढरा असतो आणि पांढऱ्या गालांवरून दोन काळपट उभे पट्टे उतरतात. हिमालयातल्या भाऊबंदांचा चेहरा मात्र सबंध नारिंगी. थंडीत इथे असा बिनपट्ट्यांचा कस्तूर दिसलाच, तर तो उत्तरेचा पाहुणा असू शकतो.

एवढा भडक पक्षी दिसत कसा नाही? अहो, दाट सावलीत, वाळल्या पानांत तो रंग बेमालूम मिसळून जातो. शिवाय त्याची सवय. चोचीने पाचोळा उलथायचा, खालचे किडे, गांडुळं, गोगलगाई टिपायच्या, दोन उड्या मारून पुढे. झाडाखाली पडलेली फळंही चालतात. चाहूल लागली की जागच्या जागी थिजतो, नाहीतर खालच्या फांदीवर जाऊन निश्चल बसतो. आपल्याला फक्त एक खसखस ऐकू येते. "सरडा असेल," म्हणून आपण पुढे निघतो.

म्हणून चालू नका, बसा. बांबूच्या बेटाजवळ किंवा ओढ्याकाठच्या झुडपांपाशी, भल्या सकाळी. जंगलच हवं असंही नाही, दाट सावलीची जुनी आमराईही त्याला चालते. उन्हाळ्यात सावलीतला पाणवठा उत्तम, कारण याला आंघोळीची भारी हौस.

वर बघायचं ते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर हा त्याचा विणीचा काळ. एरवी गप्प असणारा नर तेव्हा झाडावर बसून सुरेल, खणखणीत गातो, मधूनच बुलबुलाची, शिंपी पक्ष्याची नक्कलही करतो. काड्यामुळ्यांचं वाटीसारखं घरटं फारसं उंच नसतं. त्यात तीन-चार अंडी, आणि साधारण दोन आठवड्यांत पिल्लं. या दिवसांत मोबाइलवर त्याचं गाणं वाजवून त्याला बाहेर काढणाऱ्यांशी माझं जमत नाही. प्रतिस्पर्धी आला समजून तो बिचारा घरटं सोडून धावत येतो, कशासाठी, तर तुमच्या एका फोटोसाठी!

आणि घाटातल्या ओढ्यावर माणसासारखी शीळ ऐकून "कस्तूर ऐकला" म्हणता, तो हा नव्हे. तो शीळकरी कस्तूर, गडद निळा, सावलीत काळाच वाटणारा. शास्त्रज्ञ आता त्याला कस्तुरांच्या नव्हे, माशीमारांच्या कुळात धरतात.