आत्याच्या ओव्या आणि दमलेला माइक

आज सकाळी आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला बसलो. फँटम पॉवरचं, म्हणजे केबलमधूनच माइकला ४८ व्होल्ट देणारं बटण दाबलं आणि हेडफोनमध्ये फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज. केबल बदलली, सॉकेट बदललं, तेच. मग डोक्यात प्रकाश पडला: माइक तीन आठवडे स्टँडवर उघडाच आहे आणि बाहेर श्रावणातलं चिपळूण!

हा कंडेन्सर माइक, म्हणजे विद्युतभारावर आवाज टिपणारा. त्याचा पडदा जेमतेम काही मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, त्यावर सोन्याचा मुलामा. ओल धरली की विद्युतभार गळतो आणि तडतड सुरू. ४८ व्होल्ट बंद केले, मिनिटभर थांबून केबल काढली आणि माइक ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवला. (डबा आईच्या चकल्यांचा. त्यावरून झालेलं भांडण वेगळं.) भाचा हेअर ड्रायर घेऊन आला, त्याला हात जोडले.

संध्याकाळी सातला पुन्हा जोडला. चिडीचूप! आत्याला वीतभर अंतरावर बसवलं, मध्ये पॉप फिल्टर, म्हणजे तोंडातून येणारे हवेचे फटके अडवणारी चकती. हा माइक समोरच्या बाजूने ऐकतो, शेंड्याकडून नाही, हे सांगेपर्यंत तिने फिल्टर बाजूला सारून जाळीत फुंकर मारलीच. "चालू आहे का रे हे?"

"अगं आत्या, फुंकू नकोस! नुसती बोल."

पंखा बंद, खिडक्या बंद, सगळे घामाघूम. चार ओव्या मिळाल्या. चौथीत शेजारच्या कुकरची शिट्टी आलीय. ती मी काढणार नाहीये.

सिलिकाचे निळे खडे मात्र एका दिवसात ओल पिऊन गुलाबी झालेत. उद्या नवीन आणायचे, आणि एक डबासुद्धा.