मिशीवाला बोधिसत्त्व

शिमला-मनालीबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. हॉर्न, गर्दी आणि जिथे तिथे मॅगी. परतीच्या गाडीला अवकाश होता म्हणून चंडीगडला सेक्टर १० मधल्या सरकारी संग्रहालयात शिरलो आणि गांधार दालनातच (गांधार म्हणजे आजच्या पेशावर-तक्षशिलेकडचा प्राचीन प्रदेश) अडकलो.

करड्या शिस्ट दगडातला एक बोधिसत्त्व, म्हणजे बुद्धत्वाच्या वाटेवरचा. झुपकेदार मिशी, खांद्यावर रुळणारे केस, गळ्यात जाडजूड हार आणि पायांत चक्क चपला! कुशाण दरबारातला एखादा देखणा सरदारच जणू. मी त्या चपलांचे पट्टे न्याहाळत होतो, तेवढ्यात शेजारच्या बुद्धाकडे बोट दाखवत टूरमधले एक काका बायकोला म्हणाले, "अगं, हा रोमन आहे. बघ ना, टोगा! चल, रॉक गार्डनला उशीर होतोय."

काका गेले, माझं डोकं मात्र तापलं. वस्त्राच्या चुण्या रोमनांच्या टोग्यासारख्या, त्या अंगभर गुंडाळलेल्या वस्त्रासारख्या आहेत, मान्य. गांधारातला वज्रपाणी, बुद्धाचा रक्षक, दाढीवाल्या ग्रीक वीर हेराक्लीससारखा दिसतो आणि खांबांच्या शिरावर ग्रीक धाटणीची करिंथियन पानं असतात, तेही मान्य. पण डोक्यावरचा उंचवटा म्हणजे उष्णीष, भुवयांमधला ठिपका म्हणजे ऊर्णा, लांबलेल्या कानाच्या पाळ्या कुठल्या रोमच्या? सिद्धार्थजन्माच्या शिल्पांत मायादेवी झाडाची फांदी धरून उभी असते, ती ढब तर भारहूत-सांचीच्या यक्षींची! पेशावर, स्वात, तक्षशिला या पट्ट्यातून व्यापारी, भिक्षू, सैनिक ये-जा करत होते. कारागिरांनी हाताला लागेल ते घेतलं आणि बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या जातककथा सांगितल्या. आणि दूर कशाला, आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहातले कित्येक खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना असं म्हणत) दान दिलेत, तसे लेखच आहेत त्यांवर. लोणावळ्याची चिक्की घेऊन परतताना किती जण ते बघतात देव जाणे.

ही सगळी शिल्पं मुळात लाहोरच्या संग्रहालयातली. फाळणीनंतर, १९४८ साली, तिथल्या संग्रहाची वाटणी झाली: साठ टक्के पाकिस्तानकडे, चाळीस आपल्याकडे. आपला वाटा अमृतसर, शिमला, पतियाळा असा फिरत अखेर इथे, १९६८ साली उघडलेल्या वास्तुविशारद ल कॉर्बुझिएच्या इमारतीत स्थिरावला. गांधारकलेतलं माझ्या मते सर्वांत थरारक शिल्प, गांधारातल्या सिक्रीचा उपाशी सिद्धार्थ, बरगड्या आणि शिरा मोजून घ्याव्यात असा, तो मात्र लाहोरलाच राहिला. चंडीगडहून लाहोर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर. मनालीला जायला आम्ही गाडीत याहून जास्त अंतर हाडं खिळखिळी करत गेलो होतो, तेही मॅगीसाठी.