आईचं डायलिसिस आणि स्तोत्र १२१

आज आईचं डायलिसिस झालं. सुई टोचताना तिने डोळे मिटले, ओठ हलत होते. बायबलमधलं स्तोत्र १२१, तिला तोंडपाठ आहे. हाताची कातडी काळीनिळी पडलेली, आणि ही बाई शेजारच्या नव्या पेशंटच्या मुलीलाच धीर देतेय, "घाबरू नकोस गं, सुरुवातीला मलाही असंच व्हायचं."

मला पंडिता रमाबाई आठवल्या. दुष्काळात आईवडील गेले, मग भाऊ, १८८२ मध्ये नवरा. पदरात लहानगी मनोरमा. तरी केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, दुष्काळातल्या मुलींना घर दिलं, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. १९२१ मध्ये मनोरमाही गेली, पण भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. एवढं बळ माणसाचं एकट्याचं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

विश्वास असला की दुःख येत नाही, हे मला कधीच पटलं नाही. आपला मित्र लाजर मेला तेव्हा त्याच्या कबरेपाशी येशूसुद्धा रडला. मीही प्रार्थनेत रडते, देवाशी भांडते. तो ऐकतो.

संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या मावशी डबा घेऊन आल्या, आईची भाजी कमी मिठाची, वेगळी केलेली. शुक्रवारी पुन्हा जायचंय. प्रार्थनेत आईची आठवण ठेवा.